पुढे तीस, मागे चाळीस

नित्या, तुझ्या गाडीच्या स्प्रिंगा मी काल काढल्या. चारही काढल्या आणि गाडीसोबत आलेल्या जुन्या परत बसवल्या. तुला विचारलं नाही. विचारायला तू आहेस कुठे? तुझं तेरावं होऊन आठ दिवस झाले. सुनीताच म्हणाली, "भाऊजी, गाडी आता मलाच चालवायची हाय. आई मागे बसतील, ओवीला शाळेत सोडायचं. गाडी लय आदळती. पहिल्या स्प्रिंगा असतील तर बसवून द्या." तुझी बायको इतकी साधी गोष्ट मागते आणि मला तिच्याकडे मान वर करून बघवत नाही, अशी माझी अवस्था आहे. का, ते तुला ठाऊक आहे. म्हणजे ठाऊक असावं असं मला वाटतं. नक्की नाही सांगता येत, आणि त्यामुळेच झोप उडाली आहे.

लिहायची मला सवय नाही, हे तुला सांगायला नको. सातपूरच्या स्प्रिंगच्या कारखान्यात बावीस वर्षं झाली, तिथे मी लिहितो ते फक्त आकडे. स्प्रिंग प्रेसखाली ठेवायची, दाबायची, किती वजनाला किती दबली ते कागदावर टिपायचं. ठरल्या मापात बसली तर पास, नाही बसली तर बाजूला. आता चार दिवस झाले, प्रेससमोर उभा राहतो आणि आकडा वाचूनही डोक्यात शिरत नाही. तुझी वहिनी, मनीषा, म्हणाली, कोणाशी बोलत नाही तर लिहून तरी काढा. म्हटलं, लिहितो. पण लिहीन ते त्यालाच लिहीन, कारण भांडण त्याच्याशी आहे.

तेराव्याला लोक तुझ्याबद्दल काय काय बोलले, ऐकायला हवं होतंस. शांत होता, मनमिळाऊ होता, कधी कोणाला दुखावलं नाही. मनमिळाऊ! डब्यातल्या ठेच्यावरून अख्ख्या कॅन्टीनशी उभा दावा मांडणारा तू! मी पान समोर घेऊन मान खाली घालून बसलो होतो, तसाच हसलो. शेजारच्याला वाटलं मी रडतोय, त्याने पाठीवर हात ठेवला. आयटीआयला एका बाकावर बसलो त्या दिवसापासून तू मला "बापू" म्हणत आलास. माझं खरं नाव तुझ्या आईलाही माहीत नाही. का बापू, तर म्हणे हा म्हाताराच जन्माला आला. पंचवीस वर्षं मी ते ऐकून घेतलं. आता तसं म्हणणारं कोणी उरलं नाही, आणि मला ते चालत नाही.

गाडी आपल्या दोघांत फक्त तूच घेतलीस. लाल, छोटी, दुसऱ्याची वापरलेली. सायखेड्याहून सातपूरला रोज ये-जा करायला मोटारसायकलवर पाठ जाते म्हणून घेतली, असं घरी सांगितलंस. खरं कारण मला माहीत होतं. गाडीचं वेड तुला आधीपासूनच होतं, पाठ हे निमित्त. आणि गाडी आल्यावर पहिलं काम काय केलंस, तर मला चालवायला शिकवलंस. चाळिशीला आलेला माणूस मी, नदीकडच्या रस्त्यावर घामाघूम झालेला, आणि शेजारी तू पाय वर घेऊन शेंगा खात बसलेला. "बापू, क्लच हाय तो. नांगर दाबल्यासारखा दाबू नको. हळू सोड. हळू म्हटलं ना, बैला!" ज्या बाईच्या कुंपणात मी गाडी घातली, तिच्याशी तूच बोललास. मला खाली उतरू दिलं नाहीस. म्हणालास, उतरला तर परत चढणार नाही हा. ते खरं होतं. त्या दिवशी उतरलो असतो तर आयुष्यात कधी गाडी चालवली नसती.

मग तुझ्या डोक्यात ते खूळ शिरलं. गाडी खाली बसवायची. टायर आणि वरच्या पत्र्यामध्ये चार बोटं जातात, हे तुला सहन होईना. "बघ ना बापू, धोतर वर करून पाण्यातनं चाललीय असं वाटतं." मी म्हटलं, आपले रस्ते बघ आणि मग धोतर खाली सोड. तू ऐकणारा थोडाच. सातपूरला कंपनीच्या गेटबाहेरच्या एकाने तुला सांगितलं, ग्राइंडरने दीड वेढा कापतो, तासाभरात गाडी खाली. त्या दिवशी मी तुझ्यावर जेवढा ओरडलो तेवढा कधी बायकोवरही ओरडलो नसेन. कापलेली स्प्रिंग जागेवर नीट बसत नाही, खड्ड्यात चाक मोकळं सुटलं की निसटते. आणि हे तू मला सांगतोस? स्प्रिंग तपासून पोट भरणाऱ्या माणसाला? तू गप्प ऐकून घेतलंस आणि हसलास. तुला हेच हवं होतं. "मग तू निवडून दे," म्हणालास. "तू सांगशील त्याच घेईन."

इथून पुढचं सगळं माझ्यावर आहे. तू सांगशील त्याच घेईन, म्हणालास.

किती महिने घातले आपण त्यात! आपण काही रॉकेट उडवत नव्हतो, रोजच्या वापरातली एक छोटी गाडी दोन बोटं खाली आणायची होती. पण मी एकदा हातात घेतलं की मला सोडवत नाही, आणि तुला भांडायला विषय हवा होता. एका रविवारी सायखेड्यापासून सातपूरपर्यंतचा एकूण एक स्पीडब्रेकर आपण मोजला. आडवी ॲल्युमिनियमची पट्टी तू धरायची, टेप मी लावायची. ओढा गावात एक म्हातारबाबा सायकल थांबवून विचारायला लागले, "सरकारी हाये का?" तू लगेच ताठ झालास. "हो बाबा." "मंग मोजता काय? आमच्या दारापुढं आजून एक टाका, पोरं लय जोरात पळवत्यात." "वरती कळवतो," म्हणालास आणि माझ्या वहीत खरोखर लिहायला लावलंस. माझं तोंड बघून तुला हसू आवरेना. वहीत ते अजून आहे, "बाबांच्या दारापुढे एक."

एका गावात लोकांनी स्वतःच सिमेंट कालवून घातलेला ब्रेकर होता. तो सगळ्यात वाईट. मी म्हटलं, याच्यावरून खालचं तेलाचं चेंबर न घासता गेली पाहिजे, तेवढीच खाली येईल, एक मिलिमीटर जास्त नाही. तू म्हणालास, याच्यावरून बैलगाडी पण नीट जात नाही, याच्या भरवशावर राहिलो तर गाडी उंटासारखीच राहील.

शेवटी दोन सेट उरले. एक पुढे-मागे दोन्हीकडे पंचवीस मिलिमीटरने खाली आणणारा. दुसरा पुढे तीस, मागे चाळीस. मी पंचविसाच्या बाजूने, तू चाळिसाच्या. तुझं म्हणणं, पंचवीसने काही दिसतच नाही, शेजारच्यालाही कळणार नाही, मग करायचं कशाला? माझं म्हणणं, गाडी खाली आणली की चाकाला वर जायला जागा कमी उरते. जागा संपली की वरचा भाग रबरी ठोकळ्यावर आपटतो, आणि तो दणका थेट सीटमध्ये येतो. सीटवर बसलेल्याच्या पाठीत येतो. म्हणून आधी वजन बघू.

कांदा मार्केटच्या भुईकाट्यावर आपण गाडी नेली ती सकाळ आठवते? पुढे कांद्याचे ट्रॅक्टर, मागे कांद्याचे ट्रॅक्टर, मधे तुझी चिमणी. काटेवाला विचारतो, माल कुठे आहे? तू छाती पुढे काढून म्हणालास, "मीच." आधी पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, म्हणजे मागचं वजन काढता येतं. मी वही घेऊन उभा. आणि मी विचारलं होतं. नित्या, एवढं तरी कबूल कर, मी विचारलं होतं. "मागे दोन माणसं बसवून बघायची का?" तू काचेतून डोकं बाहेर काढलंस. "मागं कोण बसतंय? मी एकटा जातो, एकटा येतो. सुनीता आली तर पुढं बसती. ओवीचं वजन ते किती, अर्धी गोणी." काटेवाला हसला. मीही हसलो. आणि एका माणसाचं वजन लिहून वही मिटली.

कारखान्यात दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी तो कागद त्याच्या तोंडावर फेकला असता. नव्याने लागणाऱ्या माणसाला मी पहिल्या दिवशी सांगतो, स्प्रिंग रिकाम्या गाडीवर बघायची नसते, भरल्या गाडीवर बघायची असते. बावीस वर्षं सांगतोय. आणि तुझ्या गाडीची वेळ आली तेव्हा मीच चुकलो. का चुकलो, तर मित्राचा हट्ट. मागे चाळीस झाले. मालकांना विचारून जेवणाच्या सुट्टीत मी त्या चारही स्प्रिंगा आमच्या प्रेसवर दाबून पाहिल्या. माल उत्तम होता. स्प्रिंगमध्ये काही खोट नव्हती. ज्या वजनासाठी मी निवडल्या त्या वजनाला त्या बरोबर होत्या.

सलीमभाईंच्या गॅरेजमध्ये बसवल्या. गाडी जॅकवरून खाली आली, तू रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिलास आणि कितीतरी वेळ नुसता बघत राहिलास. मग आलास आणि भर रस्त्यात माझ्या गालाचा मुका घेतलास, नालायका. सलीमभाई म्हणाले, "अरे, चूमना है तो गाडी को चूम, बापू को क्या चूम रहा है!" दीड वर्ष तू ती गाडी तशी चालवलीस. एकट्याने चालवायला ती सुरेख होती. वळणावर रस्त्याला धरून जायची. तू भेटेल त्याला सांगायचास, बापूने निवडल्यात. मला आतून बरं वाटायचं. वरून म्हणायचो, पंचवीस घ्यायला हव्या होत्या. "भित्रट हाय तू," असं तू म्हणायचास, आणि आपलं ते भांडण तिथेच राहून गेलं.

पाठ दुखायला लागली तेव्हा पहिली शिवी तू मलाच दिलीस. "बापू, तुझ्या स्प्रिंगांनी कंबर मोडली माझी." मी म्हटलं, "चाळीस कोणी मागितले होते?" दोघं हसलो. तीन आठवडे आपण त्यावर विनोद करत होतो. मग तपासण्या झाल्या, आणि विनोद बंद झाले. डॉक्टरांनी सांगितलं, गाडीचा काही संबंध नाही, हे आतून आलेलं आहे, मणक्यात उतरलेलं आहे. गाडीचा संबंध नाही, हे मी त्यांना दोनदा विचारून घेतलं. स्वतःची कातडी वाचवायला विचारलं, खोटं कशाला बोलू.

तुला नाशकात नेऊन रेडिएशनचा शेक द्यायचा होता. रोज. मी दुसरी पाळी मागून घेतली. सकाळी मोटारसायकलने सायखेड्याला यायचो, ती तुमच्या ओट्यापाशी लावायची आणि तुझी गाडी काढायची. पुढे माझ्याशेजारी तुझी आई, ती घरी थांबायला तयारच नव्हती. मागे सुनीता, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून, पाय दुमडून तू. डिकीत उशा, डबा, पाण्याचा कॅन, फायलींची पिशवी. तू शिकवलेल्या हातांनी मी तुझी गाडी चालवत होतो आणि मागे, जिथे कोणी बसणार नव्हतं, तिथे तू आडवा होतास.

पहिल्याच ब्रेकरला मागून आवाज आला. धप्प. तो आवाज कशाचा, हे त्या गाडीत मला एकट्यालाच माहीत होतं. रबरी ठोकळा. सुनीताला वाटलं खड्डा असेल. आरशात मला तुझे फक्त गुडघे दिसत होते, ते एकदम ताठ झाले. मग मी रोज त्या रस्त्याने गोगलगाईसारखा जायला लागलो. सगळे ब्रेकर माझ्या वहीत होते, कुठला किती उंच ते मला पाठ होतं. कुठे गाडी तिरकी घ्यायची, कुठे डाव्या बाजूला मातीतून काढायची, कुठे मागच्या ट्रकवाल्याच्या शिव्या खात पूर्ण थांबून मग सोडायची. पण तेव्हा पावसाळा होता. ब्रेकर पाठ होऊ शकतात, खड्डे रोज नवे. धप्प. धप्प. मी मोजायला लागलो होतो. मग मोजणं सोडून दिलं.

एकदा तुझा भाऊ त्याच्या मित्राची मोठी जीप घेऊन आला. तुला त्यात झोपवलं. नाशिक येईपर्यंत तू झोपून गेला होतास, अगदी घोरत होतास. आई म्हणाली, आज बाई चांगला डोळा लागला याचा. मी आणि सुनीताने एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी तू सकाळीच फर्मान काढलंस, माझी गाडी दारात असताना लोकांच्या गाडीत बसणार नाही. तुझ्यापुढे कोणाचं चाललंय!

त्या संध्याकाळी सुनीताने मला अंगणात गाठलं. "भाऊजी, त्या स्प्रिंगा बदलता नाय का येत?" मी म्हटलं, येतात की. मागच्या दोनच तर बदलायच्या. पहिल्या माझ्या घरी आहेत, भंगारात टाक म्हणाला होता, मी टाकल्या नाहीत. ती म्हणाली, "मग बदला ना." मी आत आलो. तू कॉटवर बसला होतास, टेकून. मी अगदी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "नित्या, मागच्या स्प्रिंगा काढतो थोडे दिवस. तुला आराम पडेल." तू माझ्याकडे बघितलंस. एवढं स्वच्छ तू माझ्याकडे कधी बघितलं नव्हतंस. म्हणालास, "नाय. बरा झालो की मी एकटाच चालवणार हाय. तेव्हा परत कोण बसवत बसंल? राहू दे तशाच."

डॉक्टर काय म्हणाले ते मला आणि सुनीताला माहीत होतं. दिवाळी दिसेल, पुढचं सांगता येत नाही, असं म्हणाले होते. तुला सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं. आपल्याकडे असंच करतात, सगळेच करतात. आजारी माणसाला सोडून गावाला माहीत असतं. तुझ्या खोलीत आलेला प्रत्येक जण "आता तब्येत बरी दिसते" म्हणायचा आणि ओट्यावर जाऊन डोळे पुसायचा. मीही तसाच. आता त्या स्प्रिंगा काढायच्या म्हणजे तू ती गाडी परत चालवणार नाहीस असं तुझ्या तोंडावर सांगायचं. मी म्हटलं, "बरं. राहू दे." इतकंच म्हणालो.

एकदा चोरून करून टाकायचं ठरवलं होतं मी. हे तुला माहीत नाही. माझ्या घरच्या गॅलरीतल्या स्प्रिंगा पोत्यातून काढून डिकीत उशांखाली ठेवल्या. तुला दवाखान्यात आत नेलं, तिथे दोन-अडीच तास जायचेच. मी गाडी घेऊन सलीमभाईंकडे गेलो. त्यांनी काही विचारलं नाही, जॅक लावला, मागची चाकं उचलली. मी बाजूला उभा राहून बघत होतो आणि मला तू दिसायला लागलास, दवाखान्याच्या दारातून व्हीलचेअरवर बाहेर येणारा. एका टायरमध्ये हवा कमी असली तर घराच्या खिडकीतून ओळखणारा माणूस तू. मागची बाजू दोन बोटं वर आलेली तुला दिसली नसती? दिसली असतीच. आणि तू शिव्या दिल्या नसत्यास, ओरडला नसतास. तू मला फक्त विचारलं असतंस, "बापू, डॉक्टर काय म्हणाले?"

त्या प्रश्नापुढे मी टिकलो नसतो. मी सलीमभाईंना म्हटलं, राहू द्या, उतरवा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पक्का?" मी म्हटलं, पक्का. जॅक खाली आला. येताना तुला घेऊन त्याच रस्त्याने निघालो आणि नांदूर नाक्याच्या पुढे एक खड्डा मला दिसला नाही. त्या वेळी तू "आई गं" म्हणालास. अगदी हळू. जुन्या स्प्रिंगा तेव्हा डिकीतच होत्या, तुझ्या पाठीमागे हातभर अंतरावर. मी गाडी चालवत राहिलो. दुसरं काय केलं मी? गाडी चालवत राहिलो.

असे पाच महिने गेले. शेक संपला, मग इंजेक्शनं, मग नुसत्या फेऱ्या. शेवटी शेवटी तूच म्हणालास, आता नको न्यायला. दिवाळी तुला दिसली. ओवीने दारात काढलेली रांगोळी तू खुर्चीतून बघितलीस आणि रंगांवरून तिच्याशी भांडलास. त्यानंतर दहाव्या दिवशी तू गेलास. मी पाळीवर होतो. आलो तेव्हा तुला ओट्यावर ठेवलं होतं आणि गाडी शेजारीच उभी होती, तुला हवी होती तशी, खाली बसलेली, देखणी.

काल सलीमभाईंकडे चारही काढायला अर्धा दिवस गेला. पुढच्यांना वेळ लागतो, त्या काढताना बरंच उघडावं लागतं. मागच्या दोन? पाऊण तास. मी घड्याळ बघितलं, नसतं बघितलं तर बरं झालं असतं. पाऊण तासाचं काम होतं, नित्या. तू आत शेक घेत असताना तीनदा झालं असतं.

दुपारी गाडी सायखेड्याला पोचवली. मोटारसायकल सातपूरलाच होती, त्यामुळे सुनीता म्हणाली, फाट्यापर्यंत सोडते, तिथून बस मिळेल. ओवी पळत येऊन पुढच्या सीटवर बसली, तिथून उठायला तयार नाही. म्हणून मी मागे बसलो. पाच महिने गाडी चालवली, पण मागच्या सीटवर मी कधी बसलो नव्हतो. सुनीता चांगली चालवते, तूच शिकवलंस. वळणावर ब्रेकर आला. मी नकळत पाठ ताठ केली, सीट दोन्ही हातांनी धरली. गाडी वर गेली, खाली आली. काहीच झालं नाही. काही म्हणजे काही नाही. ओवी बडबडत होती, तिची बडबडही थांबली नाही.

फाट्यावर ओवी गाडीतच बसून राहिली, सुनीता उतरून मला रस्त्याच्या कडेपर्यंत सोडायला आली. मी ठरवलं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं. "सुनीता, खरं सांग. त्याला दुखायचं का? गाडीत?"

तिने पदराने घाम पुसला. तिला खोटं बोलता आलं असतं, मी विश्वास ठेवला असता, ठेवायला मी एका पायावर तयार होतो. ती म्हणाली, "हो भाऊजी. लय दुखायचं. माझा हात धरून ठेवायचे, हे बघा, इथं नखं रुतायची." मनगट पुढे केलं आणि मागे घेतलं. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? कोणीच का नाही सांगितलं? तेव्हा ती थोडीशी हसली, तुझ्या आठवणीने हसते तशी. "म्हणायचे, बापूला काही बोलू नको. तो आधीच घाबरत घाबरत चालवतो."

बस आली, मी चढलो. कुठे बसलो, तिकीट काढलं की नाही, काही आठवत नाही.

नित्या, तुला दुखत होतं आणि तू मला सांभाळत होतास. मला वाटत होतं मी तुला सांभाळतोय. तुला डॉक्टरांचं म्हणणं कळलं होतं का, हे मला अजून माहीत नाही, आणि आता कळायचा मार्ग नाही. कदाचित कळलं असेल आणि तू आमच्यासाठी "बरा झालो की" म्हणत असशील. कदाचित खरंच तुला चालवायची होती. रात्रंदिवस उलटसुलट करून पाहिलं, दोन्हीकडून माझीच मान अडकते. तुझा शब्द राखला, असं मनीषा म्हणते. मित्राची इच्छा मोडली नाही, असं सलीमभाई म्हणतात. मी माझ्यापुरतं सांगतो, मी भ्यालो. तुझ्या एका प्रश्नाला भ्यालो आणि पाच महिने तुझ्या पाठीवरून ते सगळे ब्रेकर नेले. तू मला भित्रट म्हणायचास ते चेष्टेत असेल, पण बरोबर होतं.

तू नाही म्हणालास तरी मी त्या काढायला हव्या होत्या. तू आठ दिवस माझ्याशी बोलला नसतास. आईसमोर, सुनीतासमोर मला शिव्या घातल्या असत्यास, माझ्या सात पिढ्या काढल्या असत्यास. घालू द्यायच्या होत्या.